न वाजलेलं पान

स्वतःची रचना वाजत असताना व्हर्न कॅलिओ कधी खुर्चीत बसला नाही. दिवे मंदावले की तो उठायचा आणि सभागृहाच्या मागच्या दाराशी, कोट हातावर घेऊन उभा राहायचा. रचना फसली तर लोकांच्या आधी बाहेर पडता यावं म्हणून, असं त्याची बायको लोर्ना सांगायची. तो म्हणायचा, मागून आवाज नीट ऐकू येतो. दोघांचंही खरं होतं.

आता त्याचं वय सदुसष्ट. कॉलेजात पोरांना स्वरमेळ शिकवून त्याने पोट भरलं होतं आणि उरलेल्या वेळात मोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहिलं होतं. या धंद्याची एक रीत आहे. नवी रचना कार्यक्रमात सगळ्यात आधी वाजते, दहा-बारा मिनिटांत उरकते. उशिरा येणारी मंडळी तेव्हा बाहेर कोट टांगत असतात. मग दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा थोराची रचना सुरू होते, जिच्यासाठी लोकांनी तिकीट काढलेलं असतं. तरीही पहिला प्रयोग प्रत्येक वाद्यवृंदाला हवा असतो, कारण ‘जगातला पहिला प्रयोग’ असं पत्रिकेवर छापता येतं आणि त्यावर देणग्या मिळतात. दुसरा प्रयोग कुणाला नको असतो. व्हर्नच्या रचनांचे पहिले प्रयोग पुष्कळ झाले. दुसरा एकीच्याही वाट्याला आला नाही. त्या एकेकदा जन्माला आल्या आणि त्याच संध्याकाळी गेल्या.

म्हणून त्या सकाळी संगणकासमोरून उठून तो स्वयंपाकघरात आला, तेव्हा तो दारातच उभा राहिला.

“त्यांनी ‘शेवटची बोट’ मागितलीय,” तो म्हणाला.

लोर्ना भांडी जागच्या जागी लावत होती. “कोणी? पुराणवस्तू संग्रहालयाने?”

“हॅस्किन हार्बरच्या वाद्यवृंदाने. वाजवायला.”

“तुझ्या गावाने?” तिने हातातली बशी खाली ठेवली. “दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा.”

“मग हो म्हण की! उभा काय राहिलायस असा, वीज गेल्यासारखा?”

हो म्हणायला त्याला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात तो गॅरेजमध्ये जाऊन आला, कुत्रं नसताना फिरायला जाऊन आला, आणि जुन्या कपाटातून ‘शेवटची बोट’ची संहिता, म्हणजे स्वरलिपीची पानं, काढून तिचं शेवटचं पान तेवढं त्याने पुन्हा पुन्हा वाचलं.

हॅस्किन हार्बर हे सुपिरियर सरोवराच्या काठचं लोहखनिजाचं बंदर. व्हर्नचा बाप तिथल्या गोदीवर कामाला होता. हिवाळ्यात सरोवर गोठायच्या आधी हंगामाची शेवटची बोट खनिज भरून निघायची, आणि गाव धक्क्यावर येऊन उभं राहायचं. तेच व्हर्नने लिहिलं होतं. बोटीच्या पोटात कोसळणारं खनिज, साखळ्या, भोंगे, सगळा वाद्यवृंद एकदम, आणि तो गदारोळ ऐन भरात असताना कापल्यासारखा बंद. मग लांब शांतता. आणि त्या शांततेनंतर, शेवटच्या पानावर, एकच व्हायोला. व्हायोलिनची ती थोरली बहीण. अंगाने किंचित मोठी, आवाजाने खालची, आणि वाद्यवृंदात सगळ्यांच्या थट्टेचा विषय. ती एकटी, अगदी हळू, मोजके स्वर वाजवते आणि रचना संपते. व्हर्नच्या लेखी ते पान हीच रचना होती. बाकी सगळा तिथवर पोचायचा रस्ता.

ते पान लोकांनी कधी ऐकलंच नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात पहिला प्रयोग झाला. गदारोळ थांबला, शांतता सुरू झाली, आणि वरच्या सज्जातून कुणीतरी कडाकड टाळ्या वाजवल्या. रचना संपली असं त्याला वाटलं. पुढच्या क्षणी अख्खं सभागृह टाळ्या वाजवत होतं. वाद्यवृंद हातांच्या खुणांनी चालवणारा वृद्ध संचालक हात वर धरून थोडा थांबला, मग त्याने हात खाली घेतले, वळला, आणि मागच्या दाराकडे बोट केलं. लोक माना वळवून बघू लागले. व्हर्नला नाही म्हणणं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. तो सगळी वाट चालत पुढे गेला, मंचावर चढला, हात मिळवला आणि वाकला. वाकताना त्याला व्हायोलांच्या रांगेत एक गज अजून वर धरलेला दिसला. मग तोही खाली गेला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, की कुठे थांबायचं हे या रचनाकाराला नेमकं कळतं.

आता तीच रचना दुसऱ्यांदा वाजणार होती, आणि व्हर्नचे हात शिवशिवू लागले. त्याला रात्री झोप लागेना, दिवसा जेवण जाईना. शांतता फार लांब आहे का? गदारोळ असा कापायला नको होता का? शेवटी एका दुपारी तो पियानोशी बसला आणि त्या शांततेच्या तळाशी त्याने माणसाहून उंच, सगळ्यात खर्जातल्या बेसांना एक लांब, खोल, हलका सूर लिहून टाकला. गदारोळ थांबला तरी तो सूर चालू राहणार, म्हणजे रचना संपली असं कुणाला वाटणार नाही.

लोर्ना दारातून डोकावली. “फ्रीज बिघडलाय का रे?”

“बेस आहेत ते. शांततेत वाजतील.”

“मग ती शांतता कसली?”

“टाळ्या वाजवतात गं लोक.”

“म्हणजे लोक निसटू नयेत म्हणून दाराला आतून कडी घालतोयस,” ती म्हणाली, आणि निघून गेली. व्हर्नने नवी पानं त्याच दिवशी पाठवून दिली. न पाठवता ठेवली असती तर त्याने ती पुन्हा बदलली असती.

सेंट पॉलच्या घरून गाडीने निघून ती दोघं गुरुवारी पोचली. तालीम खाणकामगारांच्या जुन्या सभागृहात होती. नोव्हेंबर संपत आला होता आणि खिडक्यांच्या फटींतून सरोवराचा वारा आत शिरत होता. बरेच वादक अंगात स्वेटर घालूनच बसले होते.

संचालिका डेलिया प्रुइट चाळिशीची, बुटकी, कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. “मिस्टर कॅलिओ आलेत!” ती म्हणाली, तशी वादकांनी बसल्या जागी पाय घासले. वाद्यं हातात असली की त्यांचं स्वागत असंच असतं.

मागून, पितळी वाद्यांच्या रांगेतून, एक ट्रॉम्बोनवाला ओरडला, “तुझ्या बापानं माझ्या बापाला गोदीवर चिकटवलं होतं, व्हर्न!”

“मग माफी मागतो मी,” व्हर्न म्हणाला. सगळे हसले. आपण विनोद केला हे त्याला नंतर कळलं.

तालमीत रचनाकाराने सभागृहात संहिता मांडीवर घेऊन बसायचं आणि संचालिका वळून विचारेल तेव्हाच बोलायचं, हा शिरस्ता. व्हर्न बसला, उठला, दुसऱ्या रांगेत गेला, पुन्हा बसला. गदारोळ चांगला वाजत होता. मोठ्या शहरातल्यापेक्षा ओबडधोबड, पण खनिज कोसळल्यासारखा खरा. मग तो कापल्यासारखा थांबला आणि खाली बेसांचा सूर राहिला. कुणालाही कळलं असतं, की अजून काही यायचंय. जमलं. आता कुणी टाळ्या वाजवणार नाही.

मग व्हायोला सुरू झाली. पहिल्या खुर्चीवर एक उंच, पिकल्या केसांची बाई होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने सगळे स्वर बरोबर वाजवले. पाकिटावरचा पत्ता वाचावा, तसे.

डेलिया वळली. “मिस्टर कॅलिओ, काही?”

“छान,” व्हर्न म्हणाला. “सगळं छान आहे.”

“रचनाकार छान म्हणाला की घरी जाऊन रडतो,” ट्रॉम्बोनवाला शेजाऱ्याला म्हणाला. कुजबुजला, पण ट्रॉम्बोनवाल्याची कुजबुज ती.

सुट्टी झाली. मागच्या खोलीत कॉफी होती आणि वेलदोडा घातलेला, फिनलंडच्या पद्धतीचा गोड पाव. कुणीतरी व्हायोलांची थट्टा सुरू केली होती.

“व्हायोला चुकली हे कसं ओळखायचं?”

“कसं?”

“ओळखता येत नाही. म्हणून तर इतकी वर्षं त्यांची नोकरी टिकलीय!”

हसणाऱ्यांच्या मधून वाट काढत ती उंच बाई कप घेऊन व्हर्नसमोर आली.

“मी ज्यूडिथ वॉझनिक,” ती म्हणाली. “तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला वाकताना पाहिलंय.”

व्हर्नच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला. “तो गज...”

“माझा. मी वर धरून बसले होते. शेजारीण म्हणाली, खाली घे, लोक बघतायत.”

“तुम्ही इथे कशा?”

“निवृत्त झाले. नवरा इथला. इथे आल्यापासून डेलियाच्या मागे लागले होते, हीच रचना घे म्हणून. ती तरी किती टाळणार?”

“मला वाटलं, गावाला माझी आठवण झाली.”

“गावाला तुमचं नावही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा विचारत होते, कॅलिओ म्हणजे तो छपरं दुरुस्त करणारा का?”

“तो माझा चुलतभाऊ,” व्हर्न म्हणाला.

ज्यूडिथ हसली नाही. तिने कप खिडकीत ठेवला. “ती घरघर काढून टाका.”

“बेस?”

“घरघर. पहिल्या संहितेत नव्हती ती. नवी पानं आली तेव्हा मला वाटलं, छापणाऱ्याची चूक आहे.”

“ती काढली तर पुन्हा टाळ्या वाजतील.”

“वाजू देत.”

“आणि ते पान?”

“मी आहे ना.”

“तेव्हाही होतात,” व्हर्न म्हणाला. त्याला असं बोलायचं नव्हतं. आयुष्यभर गिळलेलं काहीतरी भलत्याच माणसावर निघालं होतं.

“तेव्हा मी वाजवणारच होते,” ती म्हणाली. “संचालकाचे हात खाली गेले तरी. मनाशी ठरवलं होतं, की टाळ्या ओसरल्या की लावायचा पहिला स्वर, होईल ते होईल. टाळ्या ओसरतही होत्या. आणि मग तुम्ही चालत आलात. रचनाकारच मंचावर येऊन वाकला, म्हटल्यावर मी काय वाजवणार होते?”

पलीकडे कुणीतरी सुट्टी संपल्याचं सांगत होतं. खुर्च्या सरकत होत्या.

“आजचं मी वाईट वाजवलं, मला कळतंय,” ती जाता जाता म्हणाली. “शांततेनंतर पहिला स्वर लावायचा म्हणजे अंधारात पायरी शोधायची. खाली घरघर असली की कठड्याला हात लागतो. मग मी नुसती उतरते. जिने उतरायला व्हायोला कशाला हवी?”

व्हर्नने उरलेली तालीम ऐकली नाही. तो गोदीकडे चालत गेला.

गोदी तशीच होती, गंजून लाल झालेली, सरोवरात लांबवर गेलेली. आता तिच्यावर माणसं कमी आणि खनिज वाहणारे पट्टे जास्त. वारा कानात शिरत होता. तो पार टोकाच्या कुंपणापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. कडी काढायची की ठेवायची? ठेवली तर पान नक्की ऐकू जाणार, पण जिने उतरल्यासारखं. काढली तर कदाचित या वेळीही ते पान मरणार, आणि तिसरा प्रयोग कुणी करणार नाही. सदुसष्टाव्या वर्षी तो हिशेब त्याला ठाऊक होता.

कुंपणाशी थांबल्यावर त्याला बाप आठवला. लहानपणी एका वर्षी शेवटची बोट गेली तेव्हा सगळं गाव असंच उभं होतं. कुणी हात हलवत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. बोट दिसेनाशी झाली तरी लोक उभे. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. आणि मागे दारू प्यायलेल्या एकाने जोरात शिट्टी मारली. छोटा व्हर्न वळून बघणार, तेवढ्यात बापाने त्याच्या डोक्यावर पंजा ठेवून ते पुन्हा सरोवराकडे फिरवलं. “तिकडे बघू नकोस,” तो म्हणाला. “बघितलंस तर परत मारेल.” शिट्टी आणखी एकदा वाजली, अर्ध्यात अडकली, आणि संपली. त्यानंतरची शांतता आधीपेक्षा खोल होती, एवढं त्याला आठवत होतं. बाकीचं कदाचित त्याने नंतर मनानेच जोडलं असेल. रचनाकारांना ती खोडच असते.

शुक्रवारी जेवताना वाद्यवृंदाचा व्यवस्थापक ग्लेन त्यांच्या टेबलाशी आला. हसरा, मदतीला तत्पर माणूस. “डेलिया म्हणाली, तुम्हाला टाळ्यांची काळजी आहे. सोपं आहे हो! मोबाइल बंद करायला सांगतो मी सुरुवातीला, त्यातच सांगून टाकतो, संचालिकेचे हात खाली येईपर्यंत टाळ्या वाजवू नका.”

व्हर्नच्या मनात ते पटकन भरलं. कडी नको, पाटी लावू. किती सोपं. तो हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात लोर्ना म्हणाली, “आणि विमानातल्यासारखं पट्टे बांधा, खुर्च्या सरळ करा, हेही सांगाल का?”

ग्लेन खळखळून हसला. व्हर्नही हसला, आणि मग त्याचं हसू थांबलं. आधी सांगून ठेवलं तर लोक गप्प बसतील, पण हातांकडे डोळे लावून. शाळेत बसतात तसे. धक्क्यावर कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

“नको,” तो म्हणाला.

“काय?” ग्लेनला ऐकू गेलं नाही.

“नको, म्हणाला तो,” लोर्ना म्हणाली. “मीही पहिल्यांदाच ऐकतेय.”

शनिवारी सकाळी शेवटची तालीम होती. ती सुरू व्हायच्या आधीच व्हर्न मंचापाशी गेला. डेलिया संहितेची पानं चाळत होती.

“बेसांचा तो सूर काढा,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नाही. पण काढा.”

तिने पेन्सिलीने काट मारली आणि बेसांकडे वळून सांगितलं. बेसवाल्यांपैकी एक जाडजूड माणूस म्हणाला, “बरं झालं. माझी बायको म्हणत होती, तुझा आवाज अखेर एकट्याचा ऐकू येणार. आता तिला काय सांगू?”

“सांग की, नाहीतरी घरी तिला तुझा आवाज ऐकू येतोच,” शेजारचा म्हणाला.

डेलिया खाली वाकून हळूच बोलली. “मिस्टर कॅलिओ, आमचे लोक चांगले आहेत, पण उत्साही आहेत. पोरांच्या शाळेच्या सामन्यालाही उभे राहून टाळ्या वाजवतात. ते वाजवणार.”

“माहीत आहे.”

“मग मी काय करू?”

“हात वर ठेवा.”

“किती वेळ?”

“तुमच्याकडून होईल तितका.”

“आणि तुम्ही?”

व्हर्नने ज्यूडिथकडे बघितलं. ती राळ गजाला घासत होती, ऐकतच नसल्यासारखी.

“मी बसेन,” तो म्हणाला.

त्या तालमीत डेलियाने शेवटचं पान घेतलंच नाही. ज्यूडिथने तसं मागून घेतलं होतं. “ते संध्याकाळी,” ती एवढंच म्हणाली.

संध्याकाळी लोर्नाने त्याचा कोट काढून घेतला आणि बाहेर टांगला, म्हणजे त्याला तो हातावर घेता येणार नाही. “तू खरंच बसणार?” तिने विचारलं.

“बसणार.”

“मधल्या खुर्चीवर बस मग. कडेची मी घेते.”

सभागृह भरलं होतं. गावातला माणूस म्हणून असेल, किंवा पुढे मोठी लोकप्रिय रचना होती म्हणून. छपरं दुरुस्त करणारा चुलतभाऊ सहकुटुंब आला होता. डेलियाने सुरुवातीलाच व्हर्नकडे हात करून सांगितलं, की रचनाकार आपल्याच गोदीवरचा आहे, आणि लोकांनी वळून त्याला बघितलं. व्हर्नने बसल्या बसल्या मान हलवली. उजव्या बाजूला निळ्या स्वेटरमधली एक म्हातारी बाई होती. ती म्हणाली, “मी तुमच्या आईला ओळखत होते हो. सारखी आमच्याकडून वर्तमानपत्र मागून न्यायची.” मग दिवे मंदावले.

त्याच्या पायांना सवय होती. ते उठायला बघत होते. त्याने ते एकमेकांत अडकवून ठेवले.

खनिज कोसळू लागलं. साखळ्या खणखणल्या, भोंगे एकावर एक चढले. निळ्या स्वेटरवाल्या बाईने कानावर हात ठेवला, पण ती हसत होती. गदारोळ चढत गेला, चढत गेला, आणि कापल्यासारखा थांबला.

शांतता.

डेलियाचे हात वर. ज्यूडिथचा गज वर. खाली काही नाही, ना घरघर, ना कठडा. एखादा खोकला. दूर कुठेतरी वाऱ्याने दार हलवलं. व्हर्नला वाटू लागलं, की या वेळी...

डाव्या बाजूने टाळी वाजली. चुलतभावाची होती ती, आणि त्याचे हात छपरं दुरुस्त करणारे. पाठोपाठ दहा, पन्नास, मग अर्धं सभागृह. कुणीतरी “व्वा!” म्हणून ओरडलं. माना वळल्या, व्हर्नकडे. निळ्या स्वेटरवाल्या बाईने त्याच्या कोपराला टोचलं. “उठा ना! तुमच्यासाठीच वाजवतायत!”

व्हर्नचे गुडघे सरळ होऊ लागले होते. खुर्चीची कड त्याने दोन्ही हातांनी धरली. त्याच्याकडे बघणाऱ्या शेकडो डोळ्यांपैकी एकाकडेही त्याने बघितलं नाही. तो समोर बघत राहिला, त्या वर धरलेल्या गजाकडे. एवढी असभ्य गोष्ट त्याने आयुष्यात केली नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते आणि तो दगडासारखा बसून होता.

“उठा की हो,” बाई पुन्हा म्हणाली, पण या वेळी जरा घाबरून.

टाळ्या घ्यायला कुणी आलं नाही. डेलिया वळली नाही. वादक हलले नाहीत. टाळ्या विरळ झाल्या, अडखळल्या. दोन-तीन हात उगाच चालू राहिले, मग एकच, चुलतभावाचा, आणि तोही शरमून थांबला. शेवटी जी शांतता उरली ती व्हर्नने लिहिलेली नव्हती. तीत साऱ्या गावाची चूक होती, आणि पुढे काय होणार हे कुणालाही ठाऊक नव्हतं. कुणी खोकलंसुद्धा नाही.

ज्यूडिथने घाई केली नाही. ती थांबली, आणखी थांबली. मग अंधारात पायरी शोधावी, तसा तिने पहिला स्वर लावला.

व्हर्नला ते पान इतकं पाठ होतं, की ते ऐकताना आपल्याला काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण ते त्याच्या डोक्यात वाजायचं, त्याहून हे पान म्हातारं होतं. मध्येच आवाज खरखरला, गज तारेवर किंचित घसरला, आणि ती तशीच पुढे गेली. बोट लांब जात होती. निळ्या स्वेटरवाल्या बाईचा हात अजून त्याच्या कोपरावर होता, विसरून राहिलेला. मधल्या एका स्वराशी त्याला वाटलं, हा इतका उंच नको होता, अर्ध्या स्वराने खाली हवा होता, वीस वर्षं कसं कळलं नाही आपल्याला? त्या विचारात शेवटचा स्वर आला आणि इतका हळू गेला, की कधी संपला ते सांगता आलं नसतं.

डेलियाचे हात सावकाश खाली आले.

कुणीच टाळी वाजवली नाही.

एकदा पोळलेले लोक होते ते. आता पुन्हा चुकायची कुणाची छाती नव्हती. डेलियाने हात मांड्यांशी सोडले, तरी नाही. ज्यूडिथने गज खाली घेतला, चष्मा काढला, तरी नाही. ती गोंधळून सभागृहाकडे बघत होती. वीस वर्षं थांबून वाजवलेल्या पानासमोर शेकडो माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती.

व्हर्न उठला.

रचनाकार आपल्याच रचनेला टाळ्या वाजवत नाहीत. पण कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती. त्याने ज्यूडिथकडे बघून टाळी वाजवली. सगळ्या सभागृहात एकटीच वाजली ती, कोरडी, ओशाळी. दुसरी वाजवली. मग वादकांचे पाय जमिनीवर घासू लागले, बेसवाल्याने गज स्टँडवर आपटला, आणि चुलतभाऊ “आता? आता वाजवायच्या ना?” असं मोठ्याने विचारत उभा राहिला. मग सगळंच सुटलं.

डेलियाने वर बोलावलं, पण व्हर्न गेला नाही. जिथे होता तिथेच उभा राहून तो टाळ्या वाजवत होता, आणि ज्यूडिथ तिथूनच त्याच्याकडे बघून हसत होती, दात दाखवून, पोरीसारखी.

टाळ्या ओसरू लागल्यावर तो बसला. उजवा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. कोट बाहेर होता, तेव्हा शर्टाच्या खिशाकडे. पेन्सिल सापडली.

“काय झालं?” लोर्नाने विचारलं.

“मधला एक स्वर,” तो म्हणाला. “अर्धा खाली घ्यायला हवा.”

“खबरदार,” ती म्हणाली, आणि पेन्सिल काढून घेऊन तिने आपल्या पर्समध्ये टाकली.

मंचावर पियानो ढकलत आणत होते. लोक पत्रिका उलटत होते, पुढची रचना कुठली ते बघत. व्हर्नचं एक बोट खुर्चीच्या हातावर तो स्वर वाजवून बघत होतं, आधी होता तसा, मग अर्धा खाली, मग पुन्हा होता तसा.